शिक्षकांच्या प्रशिक्षणात आभाळ कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्रात शून्य सावली दिवसाची बातमी येते. कोणत्या गावात कोणत्या तारखेला सूर्य बरोबर डोक्यावर येणार याचं कोष्टक असतं आणि सोबत उन्हात उभ्या ठेवलेल्या एखाद्या बाटलीचा किंवा नळकांडीचा फोटो. मी ही बातमी दरवर्षी कापून वहीत चिकटवते. आमच्या भुदरगड तालुक्यात हा दिवस ५ मेच्या सुमारास येतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. सूर्य परत दक्षिणेकडं जाताना ८ ऑगस्टच्या आसपास पुन्हा एकदा डोक्यावरून जातो, पण तेव्हा आमच्याकडं पावसानं कौलं वाजत असतात. म्हणजे वर्षातून दोनदा घडणारी ही गोष्ट आमच्या मुलांना वर्गासोबत कधीच बघायला मिळत नाही. आणि ज्यांनी ती दाखवायची त्या शिक्षकांपैकी बहुतेकांनीही ती बघितलेली नसते.

या पत्राचं निमित्त तेवढंच आहे. मी जिल्हा परिषद शाळेत गणित-विज्ञानाची पदवीधर विषयशिक्षिका आहे. सेवेला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत किती प्रशिक्षणं केली याची मोजदाद नाही. समोरासमोरची केली, ऑनलाइन केली, वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीचं केलं. प्रमाणपत्रांची एक जाड फाइल घरी आहे. पण ‘आकाश निरीक्षण’ हा घटक असलेल्या एकाही प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना कुणी वर्गाबाहेर उन्हात नेलं नाही.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात पडद्यावर पृथ्वीच्या कक्षेची आकृती आली. अंड्यासारखी लांबट कक्षा, एका बाजूला सूर्य. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणाले, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. सभागृहात आम्ही साठेक जण होतो. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. ती संस्था कोणती, ते गृहस्थ कोण, हे मला सांगायचं नाही, कारण माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षं मी स्वतः हेच शिकवत आले होते. किती मुलांच्या डोक्यात मी ही चूक घालून पुढं पाठवली, याचा विचार आला की आजही जीव कासावीस होतो.

खरी गोष्ट अशी की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शाल पांघरून शेकोटीला बसतो तेव्हा. त्या वेळी अंतर असतं साधारण १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यांत लांब, साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळं. आणि कक्षा अंड्यासारखी तर अजिबात नाही. कंपासनं १० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. पृथ्वीच्या खऱ्या कक्षेत आणि त्या वर्तुळात जो फरक आहे तो पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीत बुडून जाईल. सूर्य मध्यापासून सरकलेला दाखवायचा तर एक मिलिमीटरही सरकवावा लागणार नाही. पुस्तकांतली आकृती लांबट दिसते, कारण ती तिरप्या बाजूनं बघितल्यासारखी काढलेली असते. ताट तिरकं धरलं की लंबगोल दिसतं, तसंच. ही एक गोष्ट प्रशिक्षणात ताट हातात घेऊन दाखवली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

हा गैरसमज फक्त खेड्यातल्या शिक्षकांचा आहे असं कुणी समजू नये. १९८७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी नुकतेच पदवी घेतलेले विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात हे विचारलं गेलं. २१ जणांची उत्तरं चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, हेच उत्तर तिथंही पुढं आलं. या गोष्टी माणसाच्या मनात कशा घट्ट बसतात आणि त्या कशा सुटतात, याचा जगभर रीतसर अभ्यास झालेला आहे. खगोलशास्त्र शिकवण्यावरचं संशोधन ही एक स्वतंत्र विद्याशाखाच आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास हा तिचा मोठा भाग आहे. हे मला वयाच्या चाळिशीनंतर समजलं, तेही माझ्या भाचीमुळं. ती एम.एड. करत होती. तिनं काही शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणून दिल्या. इंग्रजीत होत्या. शब्दकोश शेजारी ठेवून मे महिन्याच्या सुट्टीत वाचल्या.

त्यातला एक अभ्यास हैदराबादच्या लहान मुलांचा होता, १९९६ सालचा. पृथ्वी कशी आहे, तिच्याखाली काय आहे, माणसं कुठं राहतात, असे साधे प्रश्न विचारून संशोधकांनी मुलांच्या मनातलं चित्र बाहेर काढलं होतं. बरीच मुलं पृथ्वी पाण्यावर टेकलेली आहे असं सांगत होती. त्याआधी १९९२ साली अमेरिकेतल्या मुलांवर असाच अभ्यास झाला होता. तिथल्या काही मुलांच्या मते पृथ्वी गोल खरी, पण पोकळ, आणि माणसं तिच्या आत सपाट जमिनीवर राहतात. मोठ्यांनी सांगितलेलं ‘गोल’ आणि डोळ्यांना दिसणारं ‘सपाट’, या दोन्हींचा मेळ घालायला मुलांनी स्वतःच्या बुद्धीनं हे चित्र रचलेलं असतं.

ते वाचताना मी थबकले. त्याच्या काही वर्षं आधी सहावीतल्या एका मुलानं मला वर्गात विचारलं होतं, “बाई, आपण पृथ्वीच्या आत ऱ्हातोय न्हवं? आभाळ म्हंजे वरचं झाकण.” वर्ग हसला आणि मी त्याला ‘खाली बस’ म्हणाले. तो पोरगा चुकत नव्हता, विचार करत होता. जगातल्या मोठ्या संशोधकांनी ज्या उत्तरावर पानंच्या पानं लिहिली ते उत्तर माझ्या वर्गात उभं होतं आणि ते ओळखण्याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात असं संशोधन यायला हवं असं मला वाटतं ते यासाठी. शिक्षकाला विषय यायला हवा हे खरंच, पण मूल त्या विषयाबद्दल काय समजून बसलेलं आहे हे कळणं ही वेगळी विद्या आहे. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ सालीच हे मांडलं की विषयाचं ज्ञान वेगळं आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान वेगळं. डी.एड.ला आम्ही अध्यापनाच्या पद्धतींची नावं पाठ केली. ‘झाकण’ म्हणणाऱ्या पोराला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे त्या नावांत कुठंच नव्हतं.

यासाठी परदेशाकडं बघायचीही गरज नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. विज्ञान आणि गणित कसं शिकवावं यावर संशोधन करणं हेच त्याचं काम. सुरुवातीच्या काळात याच केंद्रानं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन ग्रामीण शाळांमध्ये काम केलं. अलीकडं जयश्री रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्याच ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्तीतल्या मुलांबरोबर प्राथमिक खगोलशास्त्र शिकवण्याचा अभ्यास केला. आकृत्या, वस्तू आणि हातवारे, म्हणजे स्वतःच्या शरीराच्या हालचाली, यांतून मुलांना सूर्य, पृथ्वी, चंद्र यांची मांडणी कशी उमजते, हे त्यांनी तपासलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी ऑलिंपियाड झालं, तेही याच केंद्राच्या पुढाकारानं. देशोदेशीची मुलं आली होती. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण मानखुर्द ते भुदरगड हे अंतर संशोधनाला पन्नास वर्षांत पार करता आलेलं नाही, याची टोचणीही तितकीच आहे.

हातवाऱ्यांचं वाचल्यावर मी वर्गात करून बघितलं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, मध्ये एक बल्ब. प्रत्येक मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी आणि नाक म्हणजे आपलं गाव. बल्बकडं पाठ करून उभं राहायचं आणि सावकाश डावीकडं वळायचं. बल्ब आधी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो, तो सूर्योदय. नाकासमोर येतो, ती दुपार. उजव्या डोळ्याआड जातो, तो सूर्यास्त. सातवीतली एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, “बाई, बल्ब हललाच न्हाई की!” पृथ्वी फिरते हे वाक्य ती तिसरीपासून लिहीत होती.

त्यानंतर आम्ही काठी उभी केली. काठी म्हणजे एक सळई, रंगाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट ओतून बसवलेली, वर बरोबर १०० सेंटिमीटर राहील अशी. गावातल्या गवंड्याचा ओळंबा आणून ती सरळ आहे का ते तपासलं. २१ मार्चचा दिवस. सकाळची शाळा सुरू झाली होती, पण मुलं घरी गेली नाहीत. पुस्तकं म्हणतात की दुपारी बारा वाजता सावली सगळ्यांत लहान असते. बारा वाजता आमची सावली ३५ सेंटिमीटर होती. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर एक चिंचोका ठेवायचा असं ठरलं होतं. चिंचोके काठीकडं सरकत राहिले. साडेबारा झाले तरी सरकतच होते. बारा चाळीसला सावली २९ सेंटिमीटर भरली आणि मग पुन्हा वाढायला लागली. मुलांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. खरं तर आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आम्ही आहोत ७४ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमची मध्यान्ह तेहेतीस-चौतीस मिनिटं उशिरा येते. मार्चमध्ये त्यात आणखी सात मिनिटांची भर पडते. भूगोलात ‘प्रमाणवेळ’ शिकवताना मी हे उदाहरण फळ्यावर सोडवून घेतच होते. त्या दिवशी ते अंगणात चिंचोक्यांनी लिहिलेलं दिसलं.

मग गणित. १०० सेंटिमीटर काठी, २९ सेंटिमीटर सावली. पाचास एक असं प्रमाण घेऊन वहीत काटकोन त्रिकोण काढायचा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजायचा. एका मुलीनं हात वर केला. त्रिकोण लहान काढला तर कोनही लहान होईल ना, असं तिचं म्हणणं. मला आनंद झाला, कारण हा प्रश्न काय आहे हे आता मला वाचून माहीत होतं. कोनाच्या भुजा लांब तर कोन मोठा, असं मुलं सगळीकडंच समजतात. मी उत्तर दिलं नाही. एका गटाला पाचास एक, दुसऱ्याला दहास एक असे त्रिकोण काढायला लावले. दोन्ही गटांचा कोन १६ अंश आला. ती मुलगी दुसऱ्या गटाच्या वहीवर स्वतःचा कोनमापक ठेवून आली, मगच तिचं समाधान झालं. २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून हा कोन म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. नकाशात बघितलं तर भुदरगड सोळा अंशांच्या थोडं वर.

माझी डी.एड.ची एक मैत्रीण जळगाव जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिच्या शाळेनंही त्याच दिवशी मोजलं. त्यांची सावली ३८ सेंटिमीटर, कोन २१ अंश. दोन गावांत फरक ५ अंशांचा. नकाशावरून उत्तर-दक्षिण अंतर काढलं, साधारण ५२० किलोमीटर. पूर्ण वर्तुळात असे पाच अंश ७२ वेळा बसतात. ७२ गुणिले ५२० म्हणजे ३७,४४० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ आहे साधारण ४०,००० किलोमीटर. दोन जिल्हा परिषद शाळांनी एक सळई, कोनमापक आणि नकाशा घेऊन अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला होता, आणि तो सहा-सात टक्क्यांनी चुकला होता. ती चूक कुठून आली यावर दुसऱ्या दिवशी दोन तास चर्चा झाली. कोन वाचताना अर्धा अंश इकडं-तिकडं झाला तर परीघ किती बदलतो, हे मुलांनी स्वतः करून बघितलं. माझ्या आजवरच्या नोकरीतले सगळ्यांत चांगले दोन तास कोणते असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मग वर्षभर जमेल तसं मोजत राहिलो. २२ डिसेंबरला सावली ८३ सेंटिमीटर, उत्तरेकडं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं, तेव्हा सावली १२ सेंटिमीटर आणि चक्क दक्षिणेकडं. आमच्या अंगणात दुपारची सावली दक्षिणेला पडू शकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. वय वर्षं सत्तेचाळीस.

कोल्हापूरच्या शिक्षकांना तर दारातच प्रयोगशाळा आहे. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आपण सगळे जाणतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण गाभाऱ्यात येतात, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. याच तारखा का? २२ डिसेंबर मध्ये धरून दोन्हीकडं दिवस मोजा, एकेचाळीस-बेचाळीस भरतात. दक्षिणेकडं जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परतताना तितक्याच दिवसांनी तो त्याच जागी येतो. ज्यांनी हे मंदिर बांधलं त्यांनी हे किती बारकाईनं पाहिलं असेल! तीच गोष्ट संकष्टीची. घरात उपास असतो म्हणून चंद्रोदयाची वेळ आम्हा बायकांना तोंडपाठ असते, नऊच्या आगेमागे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि पुढं रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर करतो. चतुर्थीपर्यंत तो नऊवर येणारच. तो कधी संध्याकाळी सहाला किंवा मध्यरात्री का उगवत नाही, हा प्रश्न मी उपास करूनही कित्येक वर्षं स्वतःला विचारला नव्हता. आणि अमावस्येला चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो असं मानणारे शिक्षक आजही मला भेटतात. सावलीत जातो तो ग्रहणात, आणि तेही पौर्णिमेला. ज्यांच्या घरी तिथी पाहिल्याशिवाय पान हलत नाही त्यांना हे शिकवणं सोपं जायला हवं. आपल्या घरातलं हे ज्ञान प्रशिक्षणात कुणी वापरतच नाही.

म्हणून माझी मागणी आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नावातच ‘संशोधन’ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहेत. विज्ञान आणि गणित शिकवण्यावर जे संशोधन या देशात झालेलं आहे, निदान महाराष्ट्रातल्या मुलांवर जे झालं आहे, ते सोप्या मराठीत शिक्षकांच्या हाती द्या. ज्या मुलांच्या उत्तरांवर ते उभं आहे ती मराठी बोलणारी मुलं आहेत, मग ते शिक्षकाला शब्दकोश घेऊन का वाचावं लागावं? डॉ. जयंत नारळीकरांनी विश्वाच्या उत्पत्तीबद्दल आयुष्यभर मराठीतून लिहिलं. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आमच्या शाळेत त्यांच्याबद्दल बोलायला मुलं नव्हती, सुट्टी होती. इतका अवघड विषय मराठीत मांडता येतो हे त्यांनी दाखवून दिलेलं आहे.

आणि कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेला अभ्यास. बी.एड.ला ते सक्तीचं असतं, नोकरीतही अहवाल मागितले जातात. आमच्या वेळी त्याचे तयार नमुने झेरॉक्सच्या दुकानात मिळायचे, शाळेचं नाव बदललं की झालं. बी.एड.च्या मुलांना आणि शिक्षकांना दोष देऊन काय उपयोग? लिहिलेलं कुणी वाचणार नाही हे ठाऊक असलं की माणूस असंच लिहितो. मी सावलीच्या नोंदींचा अहवाल पाठवला होता, चौदा पानांचा. पोच मिळाली. त्यात काय चुकलं, काय बरं आहे, पुढं काय मोजावं, असं एक वाक्य कुणी कळवलं नाही. जिल्ह्यातल्या दहा शिक्षकांच्या नोंदी जरी कुणी जाणकारानं नीट वाचल्या आणि त्यांना उत्तर दिलं, तर तो खरा अभ्यास होईल. एका शाळेची सावली म्हणजे निरीक्षण. भुदरगडपासून गडचिरोलीपर्यंतच्या शाळांच्या सावल्या एकत्र आल्या तर त्यातून मुलं काय शिकली, शिक्षक काय शिकले, हे विद्यापीठांनाही तपासता येईल.

पैसे लागत नाहीत. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्यात दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होतेच. त्यातली एक २२ डिसेंबरला आणि एक २१ मार्चला शाळेच्या अंगणात भर दुपारी घ्यावी. पडदा नको, प्रोजेक्टर नको. शिक्षकांनी स्वतः सळई उभी करावी, चिंचोके ठेवावेत, कोन मोजावेत, आपापसांत वाद घालावेत.

आमच्या केंद्रप्रमुखांनी येत्या २२ डिसेंबरसाठी होकार दिला आहे. त्या दिवशी आमची मध्यान्ह १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास आहे. जवळपासच्या शाळांतल्या ज्या शिक्षकांना यायचं असेल त्यांनी बारापर्यंत पोचावं. ओळंबा आमच्याकडं आहे. टोपी आणि कोनमापक ज्याचा त्यानं आणावा.

आपली,
एक पदवीधर विषयशिक्षिका (गणित-विज्ञान)
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर